कुमुदताईंचं ‘काहून?’

इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहायला आलो त्याच आठवड्यात मी शेजारच्या घराची बेल वाजवली. हातात गुळपापडीचा डबा होता. दारावर ‘डॉ. के. देवपुजारी’ एवढीच पाटी. त्या गल्लीत मराठी आडनाव असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्यामुळे मी जरा जास्तच हसऱ्या चेहऱ्याने उभी होते. दार उघडलं ते साखळीच्या लांबीइतकं. फटीतून आखूड कापलेले पांढरे केस आणि जाड फ्रेमचा चष्मा दिसला.

“नमस्कार. मी मधुरा. आम्ही शेजारी राहायला...”

“पाहिलं मी. व्हॅन आली तेव्हा. डब्यात काय आहे?”

“गुळपापडी.”

“काहून?”

‘काहून’ म्हणजे ‘का’ हे मला माहीत होतं. माझ्या नवऱ्याची, निखिलची, एक आत्या नागपूरची आहे. पण गुळपापडी का, याला उत्तर काय द्यायचं ते सुचेना. “सहज,” मी म्हटलं.

“सहज कोणी काही करत नाही,” असं म्हणत त्यांनी साखळी काढली, डबा घेतला, ‘थँक्यू’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. चार दिवसांनी डबा परत आला. घासूनपुसून, आत लिंबाचं लोणचं भरून. “गुळपापडी चांगली होती. गूळ जरा जास्त शिजला. आणि काहून आणली होतीस ते अजून सांगितलं नाहीस तू.”

कुमुदताई नागपूरच्या. तिथे शिकून इकडे आल्या आणि सगळी नोकरी भूलतज्ज्ञ म्हणून इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत केली. यजमान वसंतराव, तेही डॉक्टर, मी यायच्या आधीच गेले होते. एकुलती एक मुलगी केतकी लंडनला, एजवेअरमध्ये. ताईंचं इंग्रजी इतकं स्वच्छ होतं की फोनवर समोरच्याला त्या इथल्याच वाटत. मराठीत मात्र त्या नागपुरातून कधी हललेल्याच नव्हत्या, आणि त्या मराठीतलाही त्यांचा सगळ्यात लाडका शब्द हा एकच. हॉटेलात वेटरने ‘आजचं सूप फारच छान झालंय’ म्हटलं की त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, “काहून? काल काय झालं होतं?” बॉयलर दुरुस्त करणारा माणूस वेळेवर आला तरी संशय, उशिरा आला तर होताच. माझ्या गाडीतल्या सॅटनॅवने डावीकडे वळायला सांगितलं की “हिला कोणी सांगितलं?” दुधाच्या बाटलीवरची तारीख त्या वाचत नसत, झाकण काढून वास घेत. वाण्याच्या दुकानात एखादी गोष्ट एकावर एक फुकट असली, तर त्या दिवशी त्या तिथून काहीच घ्यायच्या नाहीत.

मला आधी हे विनोदी वाटायचं. निखिलला वाटायचं नाही. “त्या आपल्यावरही असंच लक्ष ठेवत असणार,” तो म्हणायचा. ठेवतच होत्या. आम्ही किती वाजता दिवे मालवतो, रीसायकलिंगच्या डब्यात काय टाकतो, सगळं त्यांना माहीत असायचं. पण मला कोविड झाला आणि निखिल नेमका भारतात अडकला होता, तेव्हा रोज दोनदा त्या खिडकीच्या काचेबाहेर उभ्या राहायच्या आणि मला बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा काचेला धरायला सांगायच्या. मी आतून अंगठा दाखवला की चिडायच्या. “अंगठा नको दाखवू. आकडा दाखव.”

‘एव्हरीथिंग इज फाइन’ हे वाक्य त्यांचा शत्रू नंबर एक. ब्रेंडा नावाची त्यांची ऑपरेशन थिएटरमधली जुनी नर्स एकदा घरी जेवायला आली होती, तिने हा किस्सा सांगितला. सकाळची पहिली केस, टेबलावर पेशंट, मोठे सर्जन हात धुऊन तयार. कुमुदताईंनी भूल द्यायच्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, थांबा. सर्जन म्हणाले, मशीन टेक्निशियनने तपासलंय, एव्हरीथिंग इज फाइन. ताईंनी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सांगितलं की जरा वेळ लागेल, आणि सगळ्या नळ्या एकेक करून सोडवून पुन्हा जोडल्या. सर्जन घड्याळाकडे बघत उभे.

“मग काय निघालं?” मी विचारलं.

“काहीच नाही!” ब्रेंडा टाळी वाजवून हसली. “मशीन उत्तम होतं. सर्जन इतके चिडले, म्हणाले, झालं समाधान? आता तरी कळलं ना सगळं ठीक आहे? तर ही म्हणते, हो, आता मला माहीत आहे. मघाशी तुम्हाला नुसतं वाटत होतं.”

कुमुदताई त्या वेळी ताटात भात वाढत होत्या. हसल्या नाहीत. “पेशंट झोपतो,” त्या म्हणाल्या. “त्याला काही तपासता येत नाही. म्हणून मी तपासायची. इतकं सोपं आहे.”

इतकं सोपं ते घरी मात्र नव्हतं. केतकी महिन्या-दोन महिन्यांनी येई, आणि दुपारच्या चहापर्यंत दोघींचं वाजलेलं असे. नवी नोकरी? काहून, जुनीत काय झालं? नवरा आला नाही? काहून नाही आला? केतकी इथेच वाढलेली. मराठी बोलायची हौस होती, पण व्याकरण तिच्या हातून निसटायचं. एकदा मी तिथेच असताना ती पर्स उचलून उठली. “आई, तू मला पण चेक करते. नेहमी. मी काय तुझा मशीन आहे?”

“तुझी मशीन. नाही, तुझं मशीन,” कुमुदताई म्हणाल्या.

केतकी निघून गेली. ताई बराच वेळ टेबलावरचे चहाचे डाग पुसत होत्या. त्यानंतर वर्षभर केतकी आली नाही; रविवारी फोन करायची, तोही थोडक्यात.

अशा बाईने उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जायचं ठरवावं, याचं मला नवल वाटलं. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली आणि पेपरच्या पुरवणीतलं पान पुढे केलं. पूर्व ग्रीनलंडचा किनारा. छोटं जहाज, थोडे प्रवासी, रोज रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं.

“तू येशील का? एकटीची केबिन शिल्लक नाही, आणि अनोळखी बाईबरोबर एका खोलीत झोपायला मी काही वेडी नाही.”

“पण ताई, ग्रीनलंड? काहून?” पहिल्यांदाच तो शब्द माझ्या तोंडून निघाला.

त्या खूश झाल्या. “तिथे माणसं नाहीत. शेकडो मैल कोणी नाही. निदान काही दिवस कोणावर संशय घ्यावा लागणार नाही. डोकं शांत राहील माझं.”

निखिल म्हणाला, “जा तू, मजा येईल. पण त्यांनी तुलाच का विचारलं याचा विचार कर. स्वतःची मुलगी असताना?” मी त्याला म्हटलं, तू पण ताईंसारखा व्हायला लागलास. पण तो प्रश्न डोक्यात राहिला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आइसलंडच्या उत्तरेकडच्या एका लहान बंदरातून आम्ही निघालो. जहाजावर माणसं कमी असली तरी होतीच, आणि डोकं शांत राहण्याची शक्यता पहिल्या तासातच संपली. मोहिमेची प्रमुख इंगा, उंच नॉर्वेजियन बाई, हॉलमध्ये सगळ्यांना सूचना देत होती. किनाऱ्यावर पांढरी अस्वलं असू शकतात, म्हणून बंदूकधारी गाइडच्या पुढे जायचं नाही. रबरी बोटीत चढता-उतरताना खलाशाचा हात मनगटाच्या वर घट्ट धरायचा आणि तो म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं. मग तिने जहाजाच्या डॉक्टरची ओळख करून दिली. रोरी, स्कॉटलंडचा, तिशीचा असेल, लाल दाढी, डोक्यावर लोकरीची टोपी.

“हा डॉक्टर?” कुमुदताई माझ्या कानात म्हणाल्या. “मघाशी आपल्या बॅगा कोण उचलून राहिलं होतं? हाच ना?”

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता. नाश्त्याला रोरी आला तर त्याच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. ताईंनी ते पाहिलं आणि मला पाहायला लावलं. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला लाउंजमध्ये गाठून कुठल्या कॉलेजात शिकलास, कुठे कुठे नोकरी केलीस, तुझा वरिष्ठ कन्सल्टंट कोण होता, असं तासभर उलटसुलट विचारलं. तो सभ्यपणे उत्तरं देत होता, पण नजर सारखी दाराकडे.

“काहीतरी लपवून राहिला आहे,” केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी निकाल दिला.

मी त्यांना हसले, पण खोटं कशाला बोलू, मलाही तसं वाटायला लागलं होतं. एका लहान जहाजावर, जिथे मागे-पुढे नुसतं पाणी आहे, संशय सर्दीसारखा पसरतो. रोरी आणि इंगा जिन्यापाशी हळू आवाजात बोलत असायचे आणि आम्ही आलो की गप्प व्हायचे. एकदा त्याने आमच्या केबिनचं दार वाजवून “दोघी बऱ्या आहात ना?” असं विचारलं. शेजारच्या केबिनचं दार मात्र त्याने वाजवलं नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. इंगा रोज सकाळी कार्यक्रम सांगायची आणि तासाभरात बदलायची. बर्फ सरकलाय, वारा फिरलाय, आता दुसऱ्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, जाऊ. कुमुदताई म्हणायच्या, बर्फाचं नाव पुढे करणं सोपं आहे, बर्फाला कोण विचारायला जातंय?

आणि तो किनारा असा होता की तिथे कुठल्याही गोष्टीची खात्री वाटू नये. दूर पांढरं काहीतरी दिसे. अस्वल म्हणावं तर दगड निघे. हिमनगाच्या पोटातून निळा उजेड येई आणि बघता बघता तो हिमनगच घरंगळून उलटा होई, आवाज मागून पोचे. जमीन तांबडी, पिवळी, गुडघ्याएवढंही झाड नाही. एका जुन्या शिकाऱ्याच्या झोपडीत टेबलावर किटली होती, जणू माणूस आत्ता बाहेर गेलाय. ताईंनी झाकण काढून आत वाकून बघितलं.

तिथे पहिल्याच उतरण्याच्या वेळी इंगाने तीन गट केले: टेकडीवर जाणारे, मधले आणि किनाऱ्यावर हळू फिरणारे. कुमुदताईंचं नाव हळू फिरणाऱ्यांत होतं. त्या वर्षानुवर्षं बेसिंगस्टोकच्या चढावरून भाजीच्या पिशव्या घेऊन चालत आलेल्या. भडकल्या. “काहून? मला काहून यांच्यात टाकलं? माझ्यापेक्षा म्हातारा तो जर्मन वर चाललाय!” इंगा नम्रपणे हसली आणि काही कारण दिलं नाही. नकळत तिने रोरीकडे पाहिलं. ते मी पाहिलं, आणि ताईंनीही.

मी त्यांच्यासोबत खालीच राहिले. पाण्याजवळच्या एका खडकावर त्या बसल्या. समोर फ्योर्ड आरशासारखा, पलीकडे डोंगरावरून उतरलेली हिमनदी. मग माझ्या लक्षात आलं की ग्लव्ह काढून त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली आहेत.

“काय करताय ताई?”

“काही नाही. जुनी सवय.” त्यांनी ग्लव्ह चढवला. “कस्तुरी बैल दिसतात का पाहा तिकडे, तो गाइड काहीतरी बोट दाखवून राहिला आहे.”

लांब केसांचे ते बैल खरोखरच होते. मी बघत बसले आणि ते विसरले.

अपघात झाला त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. आम्ही किनाऱ्यावरून रबरी बोटीने परत आलो तेव्हा जहाज अगदी जवळ येईपर्यंत दिसलं नाही. जहाजाच्या शिडीपाशी लाटा बोटीला वर-खाली करत होत्या. खलाशाने हात पुढे केला आणि ओरडला, “थांबा!” कुमुदताई लाटेकडे बघत होत्या. त्यांचा हिशेब वेगळा होता. त्यांनी त्याच्या हाताऐवजी डाव्या हाताने शिडीचं रेलिंग धरलं आणि पाऊल टाकलं. त्याच क्षणी बोट खाली गेली. पाय हवेत राहिले, सगळं अंग त्या एका हातावर लोंबकळलं. खलाशाने त्यांना कमरेला धरून वर खेचलं, पण खांद्यातून आलेला आवाज मी मागे बसून ऐकला.

दवाखाना म्हणजे दोन पलंगांची एक छोटी खोली. त्या पलंगावर पांढऱ्याफटक बसल्या होत्या, डावा खांदा चौकोनी दिसत होता. रोरीने टोपी काढली होती. तो त्यांच्या बोटांना हात लावून विचारत होता, कळतंय का? नाही. इथे? नाही. मनगटाची नाडी शोधायला त्याला वेळ लागला.

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीत आठवतं, कारण मधूनमधून ताई माझ्याशी मराठीत बोलत होत्या.

“खांदा निखळलाय,” रोरी म्हणाला. “रक्तवाहिनीवर दाब आहे. लवकर बसवायला हवा.”

“हेलिकॉप्टर?”

“या धुक्यात येणार नाही. मी विचारलंय.”

त्याने आधी तसाच बसवायचा प्रयत्न केला. ताईंनी ओठ चावले, मग ओरडल्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. स्नायू आवळले गेले होते, खांदा हलेना. त्यांची बोटं आता निळसर दिसत होती.

“झोपवावं लागेल,” तो म्हणाला.

“नाही,” कुमुदताई म्हणाल्या. “कोण झोपवणार? तू?” आणि मराठीत, “याच्या हातात मी जाणार नाही, मधुरा. याला सांग.”

मी कोणाला काय सांगणार होते? इंगा दारात उभी होती. रोरी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला, म्हणजे त्यांची नजर त्याच्या नजरेच्या वर आली.

“डॉक्टर देवपुजारी,” तो म्हणाला, “मी खांदे पुष्कळ बसवलेत. पण झोपवायला नेहमी तुमच्यासारखं कोणीतरी डोक्याशी असायचं. दोन्ही कामं एकट्याने मी कधीच केलेली नाहीत. मला भीती वाटतेय. पण तुमचा हात जाईल, त्याची जास्त वाटतेय.”

कुमुदताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“हे त्या दिवशी काहून नाही सांगितलंस?” हे त्या मराठीतच बोलल्या, मग भानावर येऊन इंग्रजीत विचारलं.

“तुम्ही कॉलेजचं नाव विचारलं होतं.” तो म्हणाला. “आता मी एक विचारू? तुम्ही मला काय सांगितलं नाहीये?”

ताईंनी मान फिरवली.

“तुम्ही पहिल्या दिवशी जिना चढून आलात आणि थांबून नाडी बघितलीत,” रोरी म्हणाला. “दुसऱ्या दिवशीही. मी इंगाला सांगून तुम्हाला टेकडीवर जाऊ दिलं नाही. विचारायला दारापर्यंत आलो होतो, पण तुमच्या मैत्रिणीसमोर विचारवेना. माझी शंका चुकीची असेल तर सांगा.”

म्हणजे सगळे दिवस तोही आमच्यावर नजर ठेवून होता. आम्ही त्याच्यावर, तो आमच्यावर. उत्तर काय येणार ते मला कळलं होतं.

“हृदयाचे ठोके अनियमित आहेत,” कुमुदताई खाली बघत म्हणाल्या. “वर्षभर. रक्त पातळ करायची गोळी घेते. सकाळीही घेतली. जहाजवाल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी नेलं नसतं.” मग माझ्याकडे बघून, “केतकीला माहीत नाही. म्हणून तिला नाही विचारलं. तिने बॅग उघडून पाहिली असती. तू पाहणार नाहीस, हे मला माहीत होतं.”

निखिलच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. राग यायला हवा होता मला. ती वेळ नव्हती.

त्यानंतर मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. पलंगावर निखळलेला खांदा घेऊन बसलेली ती बाई स्वतःच्याच भुलेची तयारी करून घेऊ लागली. ऑक्सिजन लाव. घशातलं पाणी ओढायचं सक्शन चालू करून दाखव. आवाज ऐकव मला. औषधाची बाटली इकडे आण, नाव मला वाचू दे. रोरी एकेक करत होता, घाई न करता. डोस त्यांनी सांगितला. तो म्हणाला, नाही, तुमचं वय आणि हृदय पाहता मी त्याहून कमी देईन, लागलं तर पुन्हा देईन. मला वाटलं, आता झालं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मीही तेच केलं असतं.”

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. इंगा त्यांच्या छातीभोवती चादर गुंडाळून दुसऱ्या बाजूने धरणार होती. माझ्यासाठी वेगळं काम होतं.

“तू माझ्या छातीकडे पाहायचं. हलते आहे का, आणि ओठांचा रंग. मशीनकडे नको पाहू, मशीनकडे तो पाहील. तू माझ्याकडे पाहा. थांबली असं वाटलं तर ओरड. लाजू नको.”

“ताई, केतकीला फोन...”

“आत्ता नको. उगाच यायला निघेल.”

“इथे? ग्रीनलंडला?”

“निघेल ती,” त्या म्हणाल्या. “हट्टी आहे.” आणि उजवा हात रोरीपुढे केला, सुईसाठी.

औषध गेलं तसे त्यांचे डोळे उघडेच राहिले, पण त्यात त्या नव्हत्या. मी छातीकडे बघत होते. वर, खाली. मला दुसरं काही दिसत नव्हतं. कानावर रोरीचा आवाज येत होता, इंगाला सांगणारा, हळू, धरून ठेव, हळू. एकदा छाती थांबल्यासारखी वाटली आणि मी ओरडले. रोरीने एका हाताने त्यांची हनुवटी वर उचलली आणि श्वास पुन्हा सुरू झाला. मग दबका ‘खट’ असा आवाज झाला. थोड्या वेळाने त्यांची नखं गुलाबी व्हायला लागली. रोरी भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

कुमुदताई हळूहळू जाग्या झाल्या. आधी छताकडे बघितलं, मग इंगाकडे, रोरीकडे, माझ्याकडे. कपाळावर एकही आठी नव्हती. त्या चेहऱ्याची बाई मी आधी कधी पाहिली नव्हती. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी एखादी मुलगी असावी तशी.

“आपण कुठे आहोत?” त्यांनी विचारलं.

“ग्रीनलंडला, ताई. जहाजावर. तुमचा खांदा बसला. सगळं नीट झालं.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

फक्त बरं. मी त्यांचा हात धरून बसले. त्या खिडकीतल्या धुक्याकडे शांतपणे बघत होत्या. असं किती वेळ चाललं माहीत नाही. मग भुवया जरा जवळ आल्या, नजर ट्रेवर गेली, चष्मा शोधू लागली.

“शेवटी किती दिलं त्याने?”

रोरीने आकडा सांगितला आणि रिकामी सिरिंज त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी नीट पाहिली. “तू देण्याआधी लेबल दोनदा वाचलंस,” त्या त्याला म्हणाल्या. “मी पाहिलं होतं.” डॉक्टर म्हणून याहून मोठी पदवी त्यांच्याकडे द्यायला नव्हती, आणि त्यालाही ते समजलं असावं, कारण तो एवढा लाल झाला की दाढी आणि चेहरा एक दिसू लागले. नंतर मी त्याला कप खडखडण्याबद्दल विचारलं. “मला बोट लागते,” तो म्हणाला. “दर वेळी.”

हीथ्रो विमानतळावर केतकी आली होती. मी जहाजावरूनच तिला कळवलं होतं, सगळं. ताईंना ते विमानात सांगितलं, तर लंडन येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. झोळीतला हात बघून केतकी रडेल असं मला वाटलं होतं. ती आईसमोर उभी राहिली आणि सगळ्या लोकांत म्हणाली, “तू हार्टचा गोळी घेते आणि मला सांगत नाही? काहून?”

गोळी स्त्रीलिंगी आहे हे सांगायचं कुमुदताईंना सुचलं नाही, किंवा सुचलं आणि त्यांनी गिळलं. “भीती वाटली,” त्या म्हणाल्या. “तू काम सोडून येऊन बसशील, अशी.”

“मग येऊन बसली असती,” केतकी म्हणाली आणि ट्रॉली ढकलायला लागली.

पुढच्या वर्षी त्यांनी बेसिंगस्टोकचं घर विकलं आणि एजवेअरला केतकीच्या घराजवळ लहान फ्लॅट घेतला. संशय काही कमी झाला नाही. नव्या डॉक्टरची, नव्या लिफ्टची, खालच्या मजल्यावरच्या अति गोड बोलणाऱ्या गृहस्थांची त्या मला फोनवर साग्रसंगीत खबर देत. केतकीशी भांडणं चालूच होती, फक्त आता ती भांडून घरी जायची आणि संध्याकाळी परत यायची. आम्ही निखिलच्या नोकरीसाठी क्रॉयडनला गेलो. लंडनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं होत नसे, पण वर्षातून एक-दोनदा मी जायचे.

शेवटची गेले तेव्हा मार्च होता. जेवण करून आम्ही बाजारातून हिंडलो, त्यांनी कढीपत्ता घेतला, आणि मला सोडायला ट्यूब रेल्वेच्या स्टेशनपर्यंत आल्या. मी नको म्हणत होते. गेटच्या आत गेल्यावर मागे वळून पाहिलं. त्या बाहेरच उभ्या होत्या, कढीपत्त्याची पिशवी उजव्या हातात, म्हणून निरोपाला डावा हात उचललेला. तो खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे कोणाला तरी ‘इकडे ये’ म्हणून बोलावल्यासारखा दिसत होता. गाडीतून उतरून माझ्या मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या शीख गृहस्थांना वाटलं, त्यांनाच हाक आहे. ते गेटमधून बाहेर पडले आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन थांबले.

कुमुदताई गोंधळल्या. त्यांना काहीतरी म्हणाल्या. ते काहीतरी म्हणाले. मग त्या हसल्या, अगदी मान मागे टाकून, आणि ते गृहस्थही हसायला लागले. काय बोलणं झालं ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. खाली गाडीची दारं बंद होण्याची सूचना झाली, म्हणून मी जिना उतरायला लागले. शेवटचं मागे पाहिलं तेव्हा दोघं अजून तिथेच उभे होते आणि ताई पिशवी उघडून त्यांना कढीपत्ता दाखवत होत्या.

मे महिन्यात केतकीचा फोन आला, ताई गेल्या म्हणून सांगायला.